दक्षिण आफ्रिकेला जाताय? सिंहाबरोबर थुलामेला आणि मापुंगुब्वेही बघा

करवंद
नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं आणि मुलगी असे तिघं सोळा दिवस दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या उत्तरेचा भाग फिरून आलो. आल्यापासून "काय बघायचं, यादी पाठव" असे बरेच निरोप आले. त्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते.

आपल्याकडून जाणाऱ्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. जोहान्सबर्गला उतरायचं, दोन रात्री क्रूगरच्या कडेला काढायच्या, 'बिग फाइव्ह'पैकी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) जे दिसतील ते बघायचे आणि केप टाऊनचं विमान पकडायचं. २०१७ साली एका टूर कंपनीबरोबर आम्हीही हेच केलं. सिंह दिसला की वायरलेसवर बातमी जायची, सात-आठ गाड्या जमायच्या आणि दहा मिनिटांत सगळे पुढे निघायचे. घरी आल्यावर फोटो ढीगभर होते. पण आईनं विचारलं, "तिथली माणसं कशी होती गं?" आणि मला हॉटेलातल्या वेटरखेरीज कुणाचंही काही सांगता येईना. ते मनाला लागून राहिलं होतं. या वेळी आमची आम्हीच गाडी घेतली आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सावकाश गेलो.

क्रूगर केवढं मोठं आहे, ते नकाशावर कळत नाही. ताडोबा-अंधारी बफरसकट सुमारे १,७०० चौरस किलोमीटर आहे, क्रूगर साडेएकोणीस हजारांच्या आसपास. दक्षिणोत्तर साडेतीनशे किलोमीटर. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ५०, मातीच्या रस्त्यावर ४०, आणि खरं सांगायचं तर २५ च्या वर गेलात की काहीच दिसत नाही. गाडीतून उतरायचं नाही. संध्याकाळी कॅम्पचं दार बंद व्हायच्या आत परत यायचं, हिवाळ्यात, म्हणजे तिकडे जून-जुलैत, ते साडेपाचला बंद होतं. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता आम्ही तीनदा केला. सकाळी रानकुत्र्यांचा कळप याच रस्त्यावर भेटला. चौदा होती, सगळी रस्त्यावर लोळत पडलेली. एक उठून आमच्या गाडीच्या चाकाचा वास घेऊन गेलं.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिला तो लेताबाकडचा एक हत्ती. नदीचं पात्र रुंद, पाण्याची एक बारीक धार लांब पलीकडच्या काठाला. हा अलीकडे कोरड्या वाळूत उभा. पुढच्या पायानं वाळू उकरायचा, मग सोंडेनं ती बाजूला करायचा. हात-दीड हात खड्डा झाला तसा थांबला. सोंड आत सोडून नुसता उभा. पाच-सात मिनिटांनी सोंड वर आली, पहिलं पाणी त्यानं बाहेर फेकून दिलं, गढूळ असणार, आणि पुन्हा वाट बघत राहिला. आमच्या गावी उन्हाळ्यात नदीत झिरा खणायचे, तेव्हा आजी पहिल्या दोन वाट्या पाणी असंच उपसून टाकायची. तो गेल्यावर झिऱ्यावर बबून आले, मग गिनीफाउलचा थवा. तासभर आम्ही तिथून हललो नाही.

ओलिफांत्स नदीच्या उत्तरेला मोपाने झाडांचं रान सुरू होतं. प्राणी विरळ होतात, म्हणून बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. अगदी उत्तरेला, लुवुव्हू नदीवरच्या एका टेकडीवर, थुलामेला आहे. पुंडा मारिया कॅम्पातून वाटाड्याबरोबरच जाता येतं. गोरखचिंचेच्या अजस्र झाडांमधून चढत गेलं की दगडी भिंती लागतात. तेराव्या ते सतराव्या शतकाच्या दरम्यान इथे गाव होतं, राजा होता, सोन्याचे मणी होते, चिनी मातीची भांडी समुद्रावरून इथपर्यंत पोचत होती. १९९०च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा दोन थडगी मिळाली. अभ्यास झाल्यावर आसपासच्या लोकांच्या विनंतीवरून ते सांगाडे परत तिथेच पुरले. वाटाड्यानं त्या जागेपाशी टोपी काढली, आवाज खाली आणला, आणि आम्हीही आपोआप चपला काढल्या.

त्यानंतर त्यानं हातानं खालचा प्रदेश दाखवला. पाफुरी, म्हणजे लुवुव्हू आणि लिंपोपोच्या मधला पट्टा. तिथे मकुलेके लोकांची वस्ती होती. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारनं त्यांना उठवलं आणि जमीन क्रूगरला जोडली. पुढे लोकशाही आल्यावर त्यांनी दावा लावला, आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी तिथे शेतं काढली नाहीत. जंगल जंगलच ठेवलं, मालकी स्वतःची ठेवली, आणि आता तिथल्या लॉजमधून त्यांना उत्पन्न मिळतं. स्कुकुझा हे नावही मला तेव्हाच नीट कळलं. पहिला वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन १९०२ मध्ये आला. राखीव क्षेत्रात राहणारी माणसं त्यानं बाहेर काढली, म्हणून त्सोंगा लोक त्याला 'झाडून साफ करणारा' म्हणायला लागले, आणि तेच नाव मुख्य कॅम्पला पडलं. पहिल्या सहलीत त्या कॅम्पात आम्ही आइसक्रीम खाल्लं होतं, बस एवढंच.

शेवटचे दोन दिवस मापुंगुब्वे, तेही थुलामेलासारखंच जुन्या राज्याचं ठिकाण. त्याबद्दल लिहीनच, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

सह्यकडा
करवंदताई, फार उपयोगी लिहिलंत. आम्ही पुढच्या जुलैत जाणार आहोत, सोबत आई-बाबा. आई ७१, बाबा ७६. दोघंही शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे कुरकुरतात. गाडी मीच चालवणार. आपलं लायसन्स चालतं का? मलेरियाचं काय? आणि एवढ्या लांब उत्तरेला म्हाताऱ्या माणसांना नेणं शहाणपणाचं आहे का?

करवंद
सह्यकडा, गाडी तिथेही डावीकडूनच चालते, त्यामुळे पहिल्या तासातच हात बसतो. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्यानं चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. काही भाड्याच्या गाडीवाले तो मागतात. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, जुलैत डास कमी असतात, पण गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा, विशेषतः आई-बाबांची आधीची औषधं चालू असतील तर. मलेरिया नकोच असेल तर पिलानेसबर्ग आणि अॅडो ही उद्यानं मलेरियामुक्त आहेत. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड जवळ असू द्या. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच.

जेवणाची अजिबात काळजी करू नका. कॅम्पातल्या झोपड्यांना स्वयंपाकघर असतं, ताटवाट्या, फ्रिज, गॅस किंवा हॉटप्लेट. आम्ही छोटा कुकर नेला होता. रोज रात्री खिचडी किंवा भात-आमटी, आणि सकाळी पिकनिकच्या जागी सपाट कढईसारखी गॅसची शेगडी भाड्यानं मिळते, तिच्यावर धिरडी. एक मात्र करा, फ्रिजला कडी असेल तर ती लावल्याशिवाय आत जाऊ नका. माकडं फ्रिज उघडतात. आमची अख्खी ब्रेडची लादी गेली.

जुलैत पहाटे पारा दहाच्या खाली असतो. उघड्या जीपमधून जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी, हातमोजे सगळं. बाबांना उघड्या जीपपेक्षा आपली बंद गाडी बरी. थुलामेलाचा चढ त्यांना जड जाईल. मापुंगुब्वेला मात्र त्यांना नक्की न्या, कारण तिथला संगमाचा देखावा थोडंसं चालून दिसतो.

जोबर्गकर
मी इथे चौदा वर्षं आहे, म्हणून थोडी भर घालतो.

रात्री गाडी चालवू नका. गुन्हेगारीचा भाग आहेच, पण ग्रामीण रस्त्यावर गुरं आणि खड्डे हा त्याहून मोठा धोका. विमान दुपारी उतरत असेल तर त्या दिवशी जोहान्सबर्गलाच राहा. डाळ-तांदूळ, मसाले, फोडणीचं सामान फोर्ड्सबर्गात सगळं मिळतं, घरून पोती आणायची गरज नाही. परदेशी पाहुण्यांना उद्यानाची फी रोजची आणि माणशी असते. दहा-बारा दिवस उद्यानांतच काढणार असाल तर 'वाइल्ड कार्ड', म्हणजे उद्यानांचा वर्षभराचा पास, काढलेलं स्वस्त पडतं. कॅम्पचं आरक्षण निघालं की लगेच करा, जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात आणि सतारा, लोअर साबी आधी भरतात.

आणखी एक कळकळीची विनंती. गेंडा दिसला तर फोटो काढा, पण त्यातलं लोकेशन बंद ठेवा आणि 'अमुक रस्त्यावर दिसला' असं कुठेही टाकू नका. २०१४ या एका वर्षात या देशात १,२१५ गेंडे शिंगांसाठी मारले गेले. बऱ्याच गेंड्यांची शिंगं आता अधिकारीच बेशुद्ध करून कापतात, म्हणून थोट्या नाकाचा गेंडा दिसला तर दचकू नका. तो जिवंत राहावा म्हणून तसा केलेला असतो.

जोहान्सबर्गात एक दिवस हाताशी असेल तर कॉन्स्टिट्यूशन हिलला जा. जुना तुरुंग आहे. गांधीजी १९०८ मध्ये इथे होते, मंडेलांनाही १९६२ मध्ये इथेच ठेवलं होतं. कच्च्या कैद्यांच्या पाडलेल्या इमारतीच्या विटा घेऊन शेजारीच देशाचं संविधान न्यायालय बांधलं आहे. त्या विटांवर हात ठेवून उभं राहा.

आणि आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेलं एक. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोपाळ कृष्ण गोखले इथे आले होते, गांधींच्या टॉल्स्टॉय फार्म या वसाहतीवरही राहिले. हिंदी लोकांच्या सभेत त्यांनी इंग्रजीत बोलायच्याऐवजी मराठीत बोलावं, असा आग्रह गांधींनी धरला. कारण समोर बसलेल्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ होते आणि थोडे महाराष्ट्रातले हिंदूही. गोखल्यांना प्रश्न पडला, की भाषांतर कोण करणार? ते गांधींनीच केलं, हिंदुस्थानीत. केप टाऊनमध्ये रत्नागिरी-रायगडकडच्या त्या घराण्यांची पुढची पिढी आजही आहे. माझ्या ओळखीच्या एका आजींना मराठी वाचता येत नाही, पण फोन ठेवताना अजून कोकणीत 'येतंय' म्हणतात.

पाचूबंदर
लेख चांगला आहे, पण माझं मत थोडं वेगळं. चौदा-पंधरा दिवसांत, एवढा खर्च करून, मी प्राणी बघायलाच जाईन. पडक्या भिंती आपल्याकडे काय कमी आहेत? त्या दोन दिवसांत मी चोबे किंवा ओकावांगो करेन. बोट्स्वानात चोबे नदीवर दुपारी बोटीतून जा. हत्ती पोहत पलीकडे जातात, नुसत्या सोंडा पाण्यावर, पिल्लं दोन मोठ्यांच्या मध्ये. जगातले सर्वांत जास्त हत्ती याच देशात आहेत, सुमारे एक लाख तीस हजार.

आणि ओकावांगोसारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, डिसेंबर ते मार्च. ते पाणी हळूहळू उतरत सपाट वाळवंटात पसरायला महिने लागतात. म्हणजे इथे भर कोरड्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, आभाळात ढग नसताना पूर येतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत आणि उन्हात संपते. आम्ही मोकोरोतून, म्हणजे चपट्या होडीतून, लव्हाळ्यातून जात होतो. होडीवाला लांब काठीनं ढकलतो. पाणी एवढं नितळ की तळातली वाळू दिसत होती, आणि कानाशी फक्त गवत घासल्याचा आवाज. त्या शांततेसाठी मी दहा भिंती सोडेन.

गेरूपट्टी
पाचूबंदर, ओकावांगोचं वर्णन वाचून मलाही जावंसं वाटलं. पण 'पडक्या भिंती' हे वाचून राहवलं नाही. मी पुरातत्त्व शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

करवंदताई मापुंगुब्वेबद्दल लिहिणार आहेत, मी त्याचं शेजारघर सांगते. झिंबाब्वेत मासविंगो गावापासून जवळच ग्रेट झिंबाब्वे आहे. देशाचं नावच या जागेवरून पडलं, शोना भाषेत अर्थ 'दगडांची घरं'. अकराव्या ते पंधराव्या शतकात ही राजधानी होती. मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत घेरानं २५० मीटर, काही ठिकाणी ११ मीटर उंच, पायाशी पाच मीटर रुंद. आणि सगळी चुन्याशिवाय. आपल्या हेमाडपंती देवळांत दगड खाचा करून एकमेकांत बसवतात, इथे तसंही नाही. ग्रॅनाइटचे डोंगर दिवसा तापून रात्री गार होतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. त्या चपट्या चिपा विटेएवढ्या करून, एकावर एक, प्रत्येक थर किंचित आत घेत रचल्या आहेत. मी भिंतीला डोळा लावून आतल्या फटीतून बघितलं तेव्हा एक पाल दोन चिपांच्या मधून सरळ आत गेली, फट तेवढीच. सहा-सातशे वर्षं ती भिंत फक्त स्वतःच्या वजनावर उभी आहे. वरच्या कडेला नागमोडी नक्षीची पट्टी आहे, ती संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा.

आता यातली वेदना. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन तिथे पोचला आणि म्हणाला, हे शेबाच्या राणीचं काम. त्यानंतरचे गोरे लोक फिनिशियन म्हणाले, अरब म्हणाले, कुणीही चालेल पण इथले काळे लोक नकोत. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून स्पष्ट सांगितलं, की हे आफ्रिकन लोकांनीच बांधलं. तरी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारला ते पचत नव्हतं. पीटर गार्लेक हे पुरातत्त्वज्ञ खरं लिहीत राहिले आणि १९७० मध्ये त्यांना देश सोडावा लागला. लोकांच्या हातून त्यांची भिंतसुद्धा काढून घेतात, हे वर्गात शिकवताना दरवर्षी माझा आवाज बदलतो. शंखजिऱ्याच्या दगडाचे आठ पक्षी इथे मिळाले, त्यातलाच झेंड्यावर आहे. एका पक्ष्याचा तुटका भाग जर्मनीतून २००३ साली घरी आला.

आपला संबंध काय? या सगळ्या राज्यांचं सोनं आणि हस्तिदंत किनाऱ्यावर सोफाला बंदरात जायचं, आणि बदल्यात कापड नि काचेचे मणी यायचे, त्यातला मोठा वाटा आपल्या बाजूचा. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी चौलला उत्खनन केलं, तिथे काचेचे मणी मिळाले. पुढे त्या काचेची रासायनिक तपासणी झाली, आणि केनियाच्या किनाऱ्यावर मिळालेल्या मण्यांतही त्याच जातीची काच निघाली. मापुंगुब्वेचे मणी चौलचेच असा दावा मी करणार नाही, तिथे वेगवेगळ्या काळात वेगवेगळा माल आला. पण देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा लिंपोपोच्या काठावरची बाई हिंदी महासागर ओलांडून आलेली मण्यांची माळ घालत होती, एवढं नक्की.

सायली_न
गेरूपट्टीताई, अंगावर काटा आला. चौलला पन्नासदा गेले असेन, नारळ-सुपारीच्या पलीकडे काही बघितलं नाही.

करवंद
गेरूपट्टी, तुम्ही माझं काम सोपं केलंत.

मापुंगुब्वे म्हणजे लिंपोपो आणि शाशे नद्यांच्या संगमापाशी एक एकटी, सपाट माथ्याची टेकडी. चारी बाजूंनी कडा. साधारण १२२० ते १३०० या काळात माथ्यावर राजा राहायचा आणि पायथ्याशी प्रजा. माथ्यावरची माती टोपल्यांनी खालून वर नेली आहे. १९३२ च्या अखेरीस बाहेरच्या जगाला ती सापडली, पण स्थानिक लोक तिच्याकडे पाठ करूनच बसायचे, बोट दाखवायचे नाहीत, ती पवित्र जागा होती. सोन्याचा गेंडा मिळाला तो इथेच. वीतभर लांबीचाही नाही. लाकडाच्या आकारावर सोन्याचा पातळ पत्रा, आणि तो इवल्याशा सोन्याच्या चुकांनी ठोकलेला. लाकूड गेलं, सोनं राहिलं. शेपूट जराशी उभी, मान खाली, म्हणजे धावून येण्याच्या बेतातला. तो प्रिटोरिया विद्यापीठाच्या संग्रहात आहे. 'इथे माणसंच नव्हती, आम्ही आलो तेव्हा जमीन रिकामी होती' असं शाळेत शिकवणाऱ्या राजवटीला हा गेंडा अडचणीचा होता, म्हणून कित्येक वर्षं तो लोकांपुढे आलाच नाही. २००३ मध्ये मापुंगुब्वे जागतिक वारसा झालं. २००७ मध्ये उकरून नेलेले पूर्वजांचे अवशेष टेकडीच्या परिसरात परत पुरले.

आणि पाचूबंदर, तिथेही हत्ती आहेत. संगमावरच्या मचाणावर उभं राहिलं की समोर डावीकडे बोट्स्वाना, उजवीकडे झिंबाब्वे, आपण दक्षिण आफ्रिकेत. सात-आठ हत्ती वाळूतून एका देशातून दुसऱ्या देशात चालत गेले. मला दोन्ही एकत्र बघायला मिळाल्याचं समाधान आहे. ज्यानं तो गेंडा घडवला, त्यानं गेंडा जवळून पाहिला होता.

मेळघाटी
मी वनखात्यात एकतीस वर्षं काढली, बरीचशी मेळघाटात. मकुलेके लोकांचं वाचून दोन दिवस विचार करतोय.

व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून गावं बाहेर आणायच्या कामात मी होतो. काही कुटुंबं स्वतःहून आली, त्यांना रस्ता, शाळा, दवाखाना हवा होता. वाघांचं भलं झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मोकळ्या झालेल्या गावठाणात गवत आलं आणि पाठोपाठ चितळ, गवे आले. पण दरवर्षी कोरकू मंडळी जुन्या गावठाणातल्या मुठवा देवाला यायची. गावाचं नाव नकाशावरून गेलं, देव तिथेच होता. गेटवर नोंद करून, गाडी मोजून मी त्यांना आत सोडायचो. त्यांच्याच देवाकडे. एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, पावती लागते का?" पावती लागत नव्हती, पण त्यानंतर मी गेटवर बसलो नाही, त्या दिवशी त्यांच्याबरोबर चालत गेलो.

जमीन परत देऊनही जंगल टिकतं, हे तिकडे घडलंय हे मला आधी कळलं असतं तर निदान मीटिंगमध्ये बोललो असतो. जे तिथे जातील त्यांनी मकुलेके वाटाड्यांशी बोला, पैसे कसे वाटले जातात, तरुण पोरं गावात राहतात का, हे विचारा. आणि इथे लिहा.

पाचूबंदर
मेळघाटी काका, तुमचं वाचून माझं 'पडक्या भिंती'चं वाक्य मागे घेतो. खरं तर मीच विसरलो होतो. ओकावांगोच्या वायव्येला त्सोडिलो टेकड्या आहेत. स्थानिक सान लोक त्यांना पुरुष, बाई आणि मूल म्हणतात. दहा चौरस किलोमीटरात साडेचार हजारांवर चित्रं, बहुतेक तांबड्या रंगात. आमच्याकडे अर्धा दिवस होता, तो आम्ही विमानाची वाट बघण्यात घालवला. ओकावांगोतलं मोरेमी राखीव क्षेत्रही १९६३ मध्ये तिथल्या बातावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर केलंय, हेही मी माहितीपत्रकात वाचून पुढे गेलो होतो.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर नामिबियातलं इतोशा लक्षात ठेवा. ओकाउकुएयो कॅम्पात कुंपणाला लागूनच पाणवठा आहे, रात्रभर मंद दिवा असतो. बाकावर शाल पांघरून बसायचं, चालायचं काहीच नाही. आम्हाला एका रात्रीत चार काळे गेंडे दिसले. एकमेकांना बघून फुरफुरतात, तो आवाज पोटात जातो.

मांडवीकाठ
गोंयकारांसाठी एक वेगळी वाट. मोझांबिकचं बेट, इल्हा द मोसांबिक. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा. तीन किलोमीटरचा अरुंद पूल ओलांडून बेटावर जायचं, एका टोकाला सेंट सेबॅस्टियनचा किल्ला आणि त्याच्याही पुढे समुद्रात घुसलेलं १५२२ चं चॅपेल. माझे पणजोबा तिथे कारकून होते. दगडी घरांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, अंगणातली टाकी बघून मला वाटलं की पणजीतल्या फोंताइन्यशच्या एखाद्या गल्लीत आलोय. प्राण्यांसाठी याच देशात गोरोंगोझा आहे. यादवी युद्धात तिथले मोठे प्राणी जवळजवळ संपले होते, आता पाणघोडे, हत्ती, सिंह पुन्हा वाढताहेत. अंतर लांब आहे, दोन्ही एका सहलीत कोंबू नका.

जोबर्गकर
झिंबाब्वेत गाडी न्यायची असेल तर भाड्याच्या कंपनीकडून सीमा ओलांडायचं पत्र आधीच घ्या. बेटब्रिजच्या नाक्यावर पहाटे पोचा. तिथून मासविंगो २९० किलोमीटर. 'मी कागद करून देतो' म्हणत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

सह्यकडा
मंडळी, धागा वर आणतोय. परवाच परत आलो. करवंदताईंचा रस्ता जसाच्या तसा घेतला, फक्त थुलामेलाला मी एकटा गेलो. मेळघाटी काका, पाफुरीत वाटाड्याला विचारलं. तो स्वतः मकुलेके. त्याची आजी १९६९ मध्ये ट्रकमधून गेली होती, तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. त्याची आई नव्या गावात जन्मली. लॉजचे पैसे शाळेला आणि विजेला वापरले, असं म्हणाला. तरुण पोरं जोबर्गला जातातच, हेही म्हणाला. पूर्वजांच्या जागी जायला परवानगी लागते का विचारलं, तर हसला आणि म्हणाला, आता परवानगी आम्ही देतो.

मापुंगुब्वेला बाबा खालीच थांबले, आई मात्र लाकडी जिन्यानं थांबत थांबत वर गेली. माथ्यावरच्या खडकात ओळीनं छोटे खळगे कोरलेले आहेत. वाटाडी मुलगी सांगायला लागणार एवढ्यात आई म्हणाली, "अरे, हा तर मंकळा!" लहानपणी लेण्यांच्या पायरीवर अशाच खळग्यांत चिंचोके घालून खेळायच्या म्हणे. मी इंग्रजीत सांगितलं. मुलीला खरं वाटेना. खाली उतरल्यावर तिनं झाडाखालच्या मातीत बोटानं खळगे केले आणि मूठभर बिया आणल्या. नियम थोडे वेगळे होते. बाबा काठी टेकून बघत उभे. पहिला डाव ती मुलगी जिंकली, दुसरा आईनं, आणि तिसरा अर्धाच राहिला, कारण उद्यानाचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती.